चौथीच्या वर्गात टॅरिफ कशाला?



नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मधली सुट्टी संपवून मी वर्गात शिरले, तर तिसऱ्या बाकावर दोन पोट्टे एकमेकांची कॉलर धरून उभे. रोज एका डब्यात जेवणारी ही जोडी. मी दोघांना वेगळं केलं आणि विचारलं, काय झालं?

"मॅडम, हा म्हणते का बाहेरच्या देशातला कापूस आला ते चांगलं झालं! माह्या बाबाचा कापूस घरीच पडून आहे ना मॅडम!"

"आन् माह्या बाबाची गिरणी बंद पडली असती तं?"

पहिल्याच्या वडिलांची शेती हिंगणा तालुक्यात. पोराच्या शाळेसाठी आई आणि आजी बेसाला भाड्याच्या खोलीत राहतात, वडील गावाला. दुसऱ्याचे वडील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड गिरणीत कामाला. दोघं आपापल्या घरी ऐकलेलं बोलत होते. खरं सांगायचं तर दोघंही खरंच बोलत होते.

मी दोघांना जागेवर बसवलं, मराठीचा पाठ पुढे सुरू केला. पण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात या विषयावर थोडं बोलले. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एका पालकांचा मेसेज आला : "मॅडम, चौथीच्या मुलांना टॅरिफ न् ट्रम्प कशाला? पाढे पाठ करून घ्या." त्या पालकांचा मला राग आला नाही. त्यांची काळजी बरोबर आहे. पण पाढ्यांसोबत हेही शिकवायला हवं असं मला का वाटतं, ते आज सविस्तर लिहिते.

एक निर्णय, दोन घरं

आधी नेमकं काय घडलं ते साध्या शब्दांत बघू.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. हे दोन टप्प्यांत झालं. ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. दुसऱ्या २५ टक्क्यांचं कारण अमेरिकेने दिलं ते असं की, भारत रशियाकडून खनिज तेल विकत घेतो. रशियाचं युक्रेनशी फेब्रुवारी २०२२ पासून युद्ध सुरू आहे. म्हणजे भांडण रशिया आणि अमेरिकेचं, निमित्त तेलाचं, आणि दंड बसला आपल्या शर्ट-चादरींवर.

आपले तयार कपडे विकत घेणारा सगळ्यात मोठा देश अमेरिका आहे. तिकडे आपला शर्ट महाग झाला की ऑर्डर कमी होते. ऑर्डर कमी झाली की तिरुपूरच्या शिलाई कारखान्यात मशीन थांबते, मग सुताला मागणी कमी, मग गिरणीत पाळी कमी. बुटीबोरीच्या त्या बाबांच्या घरी ऑगस्टमध्ये हीच चर्चा होती.

गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. गिरणीला बाहेरचा कापूस तेवढा स्वस्त पडू लागला. बुटीबोरीच्या घरात जीव भांड्यात पडला.

आणि हिंगण्याच्या घरात? आपल्याकडे कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हेच कापूस घरात येण्याचे महिने. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरच्या कापसासाठी दार उघडं. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल होता. पण खासगी व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खालीच राहिला. हमीभावाने विकायचं तर कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आणि त्या वर्षी पावसाने उसंतच दिली नाही. त्या पोराच्या वडिलांची गाडी खरेदी केंद्रावरून परत आली. कापूस घरात, माळ्यापर्यंत गंजी लागलेली, आणि पोरगा अंगावर खाज सुटते म्हणून रात्री झोपत नाही. हे मला त्याच्या आजीने सांगितलं.

एकाच निर्णयाने एका घरात चूल पेटती राहिली आणि दुसऱ्या घरात कापूस पडून राहिला. ही दोन्ही घरं आपलीच आहेत. आणि दोन्ही घरची पोरं एकाच बाकावर बसतात.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट कबूल करते. त्या दिवशी मनातून मी शेतकऱ्याच्या पोराच्या बाजूने होते. कारण माझ्या डी.एड.ची फी माझ्या बाबांनी कापूस विकून भरली. २०१०-११ चा हंगाम होता. डिसेंबरात फीची तारीख आली, बाबांनी सगळा कापूस एकदम काढून विकला. पुढे मार्च २०११ मध्ये जगाच्या बाजारात कापसाच्या भावाने विक्रम केला. आमच्या घरी तेव्हा विकायला बोंडभर कापूस नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "भाव थांबते बाई, फी थांबत नाही." भाव वाढला म्हणजे शेतकऱ्याचं भलं झालं असं पेपरात वाचलं की मला आजही ते वाक्य आठवतं. भाव आणि शेतकऱ्याची गरज यांची तारीख क्वचितच जुळते.

पण म्हणून मी गिरणी कामगाराच्या पोराला गप्प बसवलं असतं, तर ती माझी चूक झाली असती. शिक्षकाने बाजू घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण बाजू घेण्याआधी दोन्ही घरांचा हिशोब मांडता आला पाहिजे.

हे आपल्याकडे आधीही झालं आहे

काही जण म्हणतात, "जग बदललं हो मॅडम, आता सगळं उलटसुलट झालं." जग बदललंय हे खरं. पण दूरच्या देशांचं भांडण आणि विदर्भातला कापूस यांचं नातं नवं नाही. दीडशे वर्षांहून जुनं आहे. आणि ही गोष्ट पोरांना सांगितली की ती डोळे मोठे करून ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेकडची राज्यं विरुद्ध दक्षिणेकडची राज्यं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसावर चालत, त्यातला साधारण तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. तो पिकवायचे कोण? गुलाम म्हणून राबवलेली माणसं. लिंकन यांच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि हा कापूस अडकला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद, मजूर उपाशी. इंग्रजांना दुसरीकडून कापूस हवा होता, आणि त्यांच्या ताब्यात नुकताच एक कापूस पिकवणारा मुलूख आला होता.

तारखा बघा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. त्याच वर्षी तिकडे युद्ध पेटलं.

कापसाला सोन्याचा भाव आला. बेसातून गाडीने दीड तासावर असलेल्या हिंगणघाटचा कापूस तर व्यापारात त्या गावाच्या नावानेच ओळखला जाई. त्या काळी शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. सगळ्यांनी बसवल्या नसतीलच. पण हातात अचानक पैसा आला की माणूस काय करतो, ते या गोष्टीतून पोरांना चटकन कळतं. तिकडे मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरचा खेळ रंगला. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. मुंबईतला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला. भाव पडले, मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. आणि नागपूरला रेल्वे कधी आली? १८६७ मध्ये. कापूस न्यायला आगगाडी आली तेव्हा चढा भाव निघून गेला होता. शेतसारा मात्र चांगल्या दिवसांचा अंदाज बघून बसलेला, आणि सावकाराचं देणं तसंच.

पुढे १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सुरुवात सुप्याला झाली. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शिकलोय. वाढलेला सारा, आटलेलं कर्ज अशी बरीच कारणं होती. त्यात युद्ध संपल्यावर पडलेला कापसाचा भाव हेही एक होतं. आपल्या वऱ्हाडात तर रान कापसाचं होत गेलं, पोटाची ज्वारी मागे पडली, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत मोजावी लागली.

मला यातून एकच गोष्ट दिसते. दुसऱ्याच्या भांडणातून आलेली तेजी ही उसनी असते. ती कधी येणार हे आपण ठरवत नाही, कधी जाणार हेही नाही. येते तेव्हा तिचा मोठा वाटा मधल्या लोकांकडे जातो. जाते तेव्हा कर्ज मात्र पिकवणाऱ्याच्या दारात ठेवून जाते. म्हणून "अमेरिका आणि चीनचं भांडण झालं तर आपला फायदाच आहे," असं कोणी खुशीत सांगू लागलं की मला विचारावंसं वाटतं : आपला म्हणजे नेमका कोणाचा? आणि किती दिवस?

नागपूरचा शर्ट आणि लंडनचा कायदा

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या नागपूरची आहे.

जमशेदजी टाटांनी विचार केला की कापूस इथे, मग गिरणी हजारो मैल दूर कशाला? कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजार जवळ म्हणून त्यांनी नागपूर निवडलं. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा तिथे किंवा मॉडेल मिलमध्ये कामाला होते. कापूस बाहेर पाठवण्याऐवजी सूत न् कापड इथे बनवलं की मजुरी इथे राहते, एवढं साधं गणित होतं ते.

पण मग लँकेशायरवाल्यांना हे खुपलं. त्यांच्या दबावाखाली १८९६ मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क लावलं. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच कापडावर कर! कशाला? तर बाहेरून येणाऱ्या इंग्लिश कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क होतं, त्यामुळे आपल्या गिरण्यांना जराही फायदा मिळू नये म्हणून. या कराविरुद्ध लोकमान्य टिळकांसह अनेकांनी आवाज उठवला. तरी त्याची वसुली थांबायला १९२५ साल उजाडलं.

आता बघा. १८९६ चं शुल्क आणि २०२५ चं शुल्क यांत मोठा फरक आहे. तेव्हा नागपूरच्या गिरणीचं भविष्य लंडनमध्ये ठरत होतं आणि इथल्या माणसाला विचारायची सोय नव्हती. आज अमेरिका काय शुल्क लावते ते आपल्या हातात नाही. पण आपण त्यावर काय करायचं, कापसाचं दार कोणत्या महिन्यात उघडायचं, कोणाला किती भरपाई द्यायची, हे दिल्लीत ठरतं. आपण निवडून दिलेली माणसं ठरवतात. म्हणजे त्याबद्दल प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे. आणि प्रश्न विचारायला शिकवणं हे शाळेचं काम आहे. चौथीत सुरुवात नाही केली तर बारावीत अचानक कसं जमेल?

पंच नसलेला खेळ

"बदलती जागतिक व्यवस्था" हा शब्द पेपरात रोज येतो. मोठ्यांनाही तो जड जातो. मी वर्गात तो असा सांगितला.

गल्लीत क्रिकेट खेळताना पंच असला तर लहान पोरगंही मोठ्याला आउट करू शकतं. पंच नसला तर? वर्ग एका सुरात ओरडला, "ज्याची बॅट त्याची बॅटिंग!"

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. ती असा पंच होती. फार चांगला पंच होता असं नाही. श्रीमंत देशांनी आपल्याला हवे तसे पुष्कळ नियम करून घेतले होते. पण तरीही ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तिथे तक्रार केली आणि तो खटला जिंकला. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना देत असलेल्या अनुदानामुळे बाकी जगात भाव पडतो, ही तक्रार आपल्याही शेतकऱ्याच्या कामाची होती. आज त्या संघटनेचं अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. पंच घरी गेला आहे आणि खेळ सुरूच आहे.

अशा खेळात मधल्या आकाराच्या पोराने काय करावं? माझं मत साधं आहे. एकाच्याच बॅटवर अवलंबून राहू नये.

संत्र्याचं उदाहरण घ्या. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या संत्र्याचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेलं. २०१९ मध्ये किलोला २० रुपये होतं, २०२३ पर्यंत ८८ रुपये झालं. तिकडे संत्रं महाग, इकडे बागेत भाव पडले, ट्रक थांबले. राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं. इथे तर कोणी महासत्ताही नव्हती. गिऱ्हाईक एक असलं की तो लहान असो की मोठा, भाव त्याच्या हातात जातो. हे आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीलाही ठाऊक असतं. ती एकाच अपार्टमेंटच्या भरवशावर टोपली भरत नाही.

म्हणून "सगळी दारं बंद करा, बाहेरचं काही नको" हे मला पटत नाही. दार बंद केलं तर संत्रं कुठे जाईल आणि शर्ट कोण घेईल? आणि "दारं सताड उघडा, बाजार बघून घेईल" हेही पटत नाही. बाजाराने १८६५ मध्ये बघून घेतलं होतंच. दारं अनेक असावीत, आणि कडी आपल्या हातात असावी. कडी लावताना-काढताना हिंगणा आणि बुटीबोरी दोघांनाही विचारलं जावं.

वर्गात काय करून बघता येईल?

आता शिक्षक मित्रांसाठी थोडं कामाचं. हे मी दोन आठवड्यांत करून बघितलं. यासाठी वेगळा तास लागत नाही. परिसर अभ्यास, गणित आणि मराठी यांतच बसतं.

१) एक किलो कापूस, एक शर्ट. एक किलो कापसातून साधारण एक तृतीयांश किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. घट धरली तरी तेवढ्या रुईत मुलांचा एक सुती शर्ट सहज होतो. हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, तर एका किलोचे किती? मुलांनी भागाकार करून ८१ रुपये १० पैसे काढले. मग घरून शर्टाची किंमत विचारून आणायला सांगितली. कोणी ४००, कोणी ८००. मधले पैसे कुठे गेले? जिनिंग, सूत, विणकाम, रंग, शिलाई, ट्रक, दुकान, जाहिरात. फळ्यावर एकेक पायरी लिहिली. प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी आईबाबा काम करतात, हे मुलांनीच शोधलं. ज्या पालकांना पाढ्यांची काळजी होती त्यांना सांगते, त्या दिवशी भागाकार सगळ्यांना आला.

२) लेबल वाचा. पालकांनो, हे तुम्ही घरी करा. एम्प्रेस मिल जिथे होती तिथे आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. पुढच्या वेळी तिथे किंवा आपल्या बेसाच्या दुकानात कपडे घ्यायला गेलात की मुलाला आतलं लेबल वाचायला लावा. कापड कशाचं, बनलं कुठे? बांगलादेश, व्हिएतनाम, तिरुपूर. घरी येऊन नकाशावर बोट ठेवा. बस, एवढंच.

३) तीन प्रश्न. बातमी कोणतीही असो, मुलांना तीन प्रश्नांची सवय लावा. भाव कोणी ठरवला? पैसे कोणाकडे राहिले? नुकसान कोणी सोसलं? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

आणि काय करू नये तेही सांगते. देशांची "आपला दोस्त" आणि "आपला दुश्मन" अशी दोन रकान्यांची यादी करू नका. ऑगस्टमध्ये काही ठिकाणी लहान मुलांच्या हाती बहिष्काराचे फलक देऊन फोटो काढलेले मी मोबाइलवर पाहिले. फलक धरणाऱ्या पोराला कापूस म्हणजे काय, शुल्क म्हणजे काय माहीत नसेल, तर आपण त्याला शिकवलं नाही, वापरलं. तिकडच्या अमेरिकेतही कापूस पिकवणारे शेतकरी आहेत, त्यांनाही भावाची चिंता असते. १८६२ मध्ये लँकेशायरचा मजूर उपाशी होता, तो आपला शत्रू नव्हता. आणि पक्षाचं राजकारण वर्गात आणायचं नाही, हे तर मी सांगायची गरज नाही.

पुन्हा तो बाक

शेवटी मी वर्गाचे दोन गट केले. एक गट शेतकरी, एक गट गिरणी. मुद्दाम अदलाबदल केली. शेतकऱ्याच्या पोराला गिरणीत बसवलं, गिरणीवाल्याच्या पोराला शेतात. आणि सांगितलं, दोघांचं पोट भरेल असा नियम करून दाखवा.

दहा मिनिटं नुसता गोंगाट. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, आपला कापूस निघत नाही तेव्हा बाहेरचा येऊ द्यायचा. आपली वेचणी सुरू झाली का बंद करायचा."

मी लगेच शाबासकी दिली नाही. विचारलं, "मग नोव्हेंबरात गिरणीने कुठला कापूस घ्यायचा?"

"ह्याच्या बाबाचा."

"आणि तो महाग पडला तर? गिरणीला परवडलं नाही तर?"

वर्ग शांत झाला. मग गिरणीवाल्याचा पोरगा, जो त्या दिवशी शेतकरी झाला होता, तो म्हणाला, "तं मधला फरक सरकारनं द्यावा. अमेरिकेशी आपलं भांडण थोडीच आहे? मग आपणच काहून भरायचं?"

हा नियम दिल्लीत जसाच्या तसा चालेल असं मी म्हणत नाही. गिरणीची खरेदी महिनोन् महिने आधी ठरते, जहाज यायला वेळ लागतो, सरकारच्या तिजोरीलाही मर्यादा असते. हे सगळं ते पुढच्या वर्गांत शिकतील. पण नऊ वर्षांच्या पोरांनी एकमेकांची कॉलर सोडून एकमेकांच्या बापाचा हिशोब मांडला, आणि सप्टेंबरची मुदत डिसेंबरपर्यंत वाढवण्यात नेमकी कुठे अडचण होती त्यावर बोट ठेवलं. मोठ्या माणसांच्या ग्रुपवर तीन महिने चर्चा चालली, तिथे मला हे वाचायला मिळालं नाही.

जगातले मोठे देश पुढेही भांडत राहतील. आज कापूस आहे, उद्या खत असेल, परवा मोबाइलची चिप असेल. त्या भांडणाचा धक्का आपल्या बेसापर्यंत येणारच, कारण आपल्या वर्गात शेतकऱ्यांची, कामगारांची, ट्रकवाल्यांची, आयटीवाल्यांची अशी सगळ्यांची मुलं आहेत. तो धक्का आला की ती एकमेकांवर धावून जातात की सोबत बसून हिशोब मांडतात, हे बरंचसं आपल्यावर, म्हणजे तुमच्यावर आणि माझ्यावर आहे.

त्या पालकांच्या मेसेजला मी उत्तर लिहिलं ते असं : "सर, पाढे घेतेच आहे. शुक्रवारी एकोणीसचा पाढा आणि कापसाच्या गाठीचं गणित, दोन्ही आहे. एका गाठीत १७० किलो रुई असते. तुमच्या मुलीला घरी विचारून बघा."

शुक्रवारी ती मुलगी स्वतःच वर्गात येऊन सांगत होती, "मॅडम, बाबांना माहीत नव्हतं!"

शेतकऱ्याचा कापूस हे लिहीपर्यंत विकला गेलेला नाही. उन्हात वाळवणं सुरू आहे. डबा मात्र पुन्हा दोघांचा एक झाला आहे.

— बेसा, नागपूर येथील एक प्राथमिक शिक्षिका
डिसेंबर २०२५